डिजिटल साहित्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

कागदावरच्या एका शब्दाची किंमत काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जातीच्या प्रमाणपत्रासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यातला बाप आपल्या लेकराला घेऊन तहसील, शाळा आणि समितीचे उंबरठे झिजवतो, तेव्हा तो काय शोधत असतो? १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. आजोबांचे नाव असलेला शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, एखादा जुना खरेदीचा कागद. आजोबा होते, ते याच गावात राबले आणि याच मातीत गेले, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण समितीपुढे गावाची आठवण चालत नाही. नाव, गाव, तारीख आणि जात या चार रकान्यांत जे लिहिले असेल तेच खरे. ज्याची नोंद सापडली त्याच्या मुलीचा प्रवेश पक्का. ज्याची सापडली नाही त्याच्या मुलीचे वर्ष टांगणीला.

शेकडो वर्षे लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांनी आपल्या नोंदी नीट ठेवल्या. वंशावळ्या ठेवल्या, बखरी ठेवल्या, दप्तरे ठेवली. आपल्या पूर्वजांना लिहिण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाची नोंद राहिली नाही. आणि नोंद नाही म्हणून कर्तृत्वच नव्हते, असे सांगणारा इतिहास शाळेत शिकवला गेला. आज लेखणीही आपल्या हाती आहे आणि संगणकही. तरीसुद्धा आपण तीच चूक नव्या स्वरूपात होऊ देत आहोत काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. आपले हजारो ग्रंथ, अंक, भाषणे, गाणी, छायाचित्रे आणि शैक्षणिक साहित्य आज पीडीएफच्या, ध्वनिफितीच्या आणि चित्रफितीच्या रूपाने मोबाईलमध्ये फिरत आहे. पण त्यातील बहुतेकांना ना नाव आहे, ना गाव, ना तारीख.

संगणकाच्या भाषेत या नाव-गाव-तारखेला मेटाडेटा म्हणतात. शब्द परका वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर, पुस्तक म्हणजे शेत आणि मेटाडेटा म्हणजे त्याचा सातबारा. गट क्रमांक कोणता, क्षेत्र किती, कब्जेदार कोण, पीक कोणते, बोजा कोणाचा, हे सारे सातबाऱ्यावर असते. शेत कितीही काळेशार असो, सातबारा नसेल तर ते कर्जालाही चालत नाही आणि कोर्टातही टिकत नाही. उद्या कोणीही येऊन ते आपले म्हणतो. डिजिटल साहित्याचे नेमके तसेच आहे.

ही विद्या काही कालची नाही. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे त्या सूत्रांचे सार आहे. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' दोन भागांत तयार केली. ते कामही मेटाडेटाचेच होते, फक्त तेव्हा तो शब्द नव्हता. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी तज्ज्ञ जमले आणि डिजिटल साहित्यासाठी 'डब्लिन कोअर' नावाची सोपी पद्धत तयार झाली. तिच्यात पंधराच रकाने आहेत : शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहाय्यक, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळख-क्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, स्थळ-काळाची व्याप्ती आणि हक्क. दहावी शिकलेला मुलगाही हे रकाने भरू शकतो. प्रश्न क्षमतेचा नाही, जाणिवेचा आहे.

आणि ही जाणीव का हवी? कारण रकाने निष्पाप नसतात. ड्युईच्या वर्गीकरणातच पाहा. २०० हा आकडा धर्माचा. त्यातील २२० पासून २८० पर्यंतच्या सगळ्या खोल्या बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिल्या गेल्या, आणि जगातील बाकीचे सारे धर्म २९० च्या एका खोलीत कोंबले गेले. तथागताचा धम्म, ज्याने अर्धा आशिया उजळला, तो २९४.३ या पोटखोलीत! वर्गीकरण करणाऱ्याच्या मनात जे जग असते तेच कपाटात उतरते. गावकुसाबाहेरची वस्ती जशी गावाच्या रचनेतच ठरलेली होती, तशी ज्ञानाच्या गावकुसाबाहेरची वस्तीसुद्धा रचनेतच ठरते.

याचे सर्वांत मोठे बळी खुद्द बाबासाहेब आहेत. त्यांच्या ग्रंथांवर 'दलित' किंवा 'जात' एवढाच शिक्का मारला की काम झाले, असे मानले जाते. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय या विषयावर निबंध लिहिला. शेतीवर बसलेला जादा माणसांचा भार, भांडवलाची कमतरता आणि त्यावर औद्योगिकीकरणाचा उतारा, ही त्याची मांडणी. आज महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडमालेच्या पहिल्या खंडात तो आहे. ज्या वऱ्हाडात दोन-चार एकरांचा कापूस आणि तूर पिकवणारा शेतकरी कर्जापायी गळफास घेतो, त्या वऱ्हाडातील अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने 'अल्पभूधारक' किंवा 'शेती' असा शोध घेतला, तर त्याच्यासमोर हा निबंध यायला हवा की नको? पण खंडाच्या फाईलला नाव असते नुसता खंडाचा क्रमांक. आत काय आहे, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडते. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) चलनाचा ग्रंथ आहे, ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ (१९२५) केंद्र-राज्य वित्तसंबंधांचा आहे. विषयाचा रकाना प्रामाणिकपणे भरला, तर बाबासाहेब अर्थशास्त्राच्या, शेतीच्या, पाण्याच्या, कामगार कायद्याच्या आणि स्त्री-हक्कांच्या कपाटात एकाच वेळी उभे राहतील. त्यांना एका जातीच्या कोपऱ्यात बसवण्याचे कारस्थान विषयाच्या रकान्यातूनही चालते आणि त्याचा बंदोबस्तही त्याच रकान्यातून करता येतो.

आता आपल्याच जिल्ह्याचा इतिहास घेऊ. १३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद झाली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करावा की नाही, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम मार्चमध्ये झाला होता आणि मनुस्मृतीचे दहन डिसेंबरमध्ये व्हायचे होते. या दोहोंच्या मधोमध अमरावती उभी आहे. याच परिषदेत असताना बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी कळली, तरी त्यांनी समाजाचे काम सोडले नाही. महाड सर्वांना ठाऊक आहे, काळाराम मंदिर सर्वांना ठाऊक आहे. पण अमरावतीच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींपैकी किती जणांना ही परिषद ठाऊक आहे? त्यांनी मोबाईलवर 'अंबादेवी' लिहिले तर नवरात्राची आरती आणि दर्शनाच्या वेळा पुढे येतील. परिषदेविषयीचे जे काही साहित्य आहे त्यावर 'अमरावती', 'अंबादेवी', 'मंदिर प्रवेश', 'इंद्रभुवन', '१९२७' अशा खुणा कोणी लावल्याच नाहीत, तर ते यंत्राने कोठून शोधावे? इतिहास नष्ट करण्यासाठी तो जाळावाच लागतो असे नाही. त्याला नाव न देता पोत्यात टाकले तरी पुरते.

स्थळाच्या रकान्यात तर वऱ्हाडाइतकी फसगत क्वचितच कोठे होत असेल. इंग्रजी कागदपत्रांत आपली अमरावती 'अमरावटी' किंवा 'अम्रावती' अशा उच्चाराच्या स्पेलिंगने येते, जुन्या मराठीत ती 'उमरावती' असते. बौद्ध साहित्याच्या संग्रहात 'अमरावती' शोधावे, तर पुढे येतो तो आंध्र प्रदेशातील कृष्णाकाठचा महास्तूप. तो आपल्या धम्माचा थोर वारसा आहे, पण ते गाव वेगळे. आपला प्रदेश आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, मग १९५० पासून मध्य प्रदेशात, १९५६ नंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे एकाच गावाचे कागद चार राजवटींच्या दप्तरांत विखुरलेले. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले वाशिम १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हा १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाशिमकडच्या एखाद्या खेड्यात झालेल्या दीक्षा समारंभाच्या पत्रकावर 'जिल्हा अकोला' असे छापले असेल आणि आजचा अभ्यासक ते 'वाशिम' म्हणून शोधत असेल. दोन्ही नावे नोंदवली, 'तेव्हाचा जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा', तरच धागा जुळेल.

नावांचे तसेच. अमरावतीच्या सार्वजनिक जीवनात 'गवई' हे आडनाव तीन काळांत येते. गणेश अक्काजी गवई हे वऱ्हाड-मध्य प्रांतातील अस्पृश्यांचे जुने पुढारी. १९३२ मध्ये राजा-मुंजे कराराच्या वेळी ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. रा. सू. गवई (१९२९-२०१५) हे दारापूरचे, रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि पुढे राज्यपाल. त्यांचे पुत्र न्यायमूर्ती भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. एखाद्या जुन्या कात्रणावर नुसते 'श्री. गवई, अमरावती' असले आणि नोंद करणाऱ्याने पूर्ण नाव व साल लिहिले नाही, तर एकाची भूमिका दुसऱ्याच्या माथी बसेल. पुढे त्यावरून वाद होतील, लेख लिहिले जातील आणि माणसे दुखावली जातील. चूक असेल ती फक्त एका रिकाम्या रकान्याची.

ग्रंथ आणि नियतकालिकांच्या नावांतही असेच घोटाळे होतात. गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' हे १८८८ चे पुस्तक. किसन फागूजी बनसोडे यांचे 'विटाळ विध्वंसक' हे १९१३ चे पत्र. एका अक्षराचा फरक, पण मध्ये पंचवीस वर्षे आणि दोन वेगळे महापुरुष. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, कारण बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. 'संपादक' एवढाच रकाना भरून थांबणारी नोंद बाबासाहेबांना त्यांच्याच पत्रातून बाहेर काढते आणि भटकरांचे नाव पुसून टाकणारी नोंद एका निष्ठावान कार्यकर्त्यावर अन्याय करते. म्हणूनच 'निर्माता' आणि 'सहाय्यक' असे दोन वेगळे रकाने ठेवावे लागतात. २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेला 'जनता' ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' झाला. पत्र एकच, नावे दोन. 'संबंध' या रकान्यात 'आधीचे नाव' आणि 'नंतरचे नाव' लिहिले नाही तर एक पत्र १९५६ मध्ये मेले आणि दुसरे अचानक जन्मले, असा भास होतो.

नोंद कशी करावी याचा आदर्श आपल्याकडेच आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन पेट्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिले. महाराष्ट्र शासनाने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' ही मालिका सुरू केली आणि १९७९ मध्ये तिचा पहिला खंड आला. नागपूरचे वसंत मून हे तिचे संपादक. तिसरा आणि चौथा खंड १९८७ मध्ये व पाचवा १९८९ मध्ये निघाला. त्यांत सुटी पाने, अपुरी प्रकरणे, टंकलिखिते आणि हस्तलिखिते होती. संपादकांनी अनेक प्रकरणांच्या आरंभी टिपा दिल्या : हस्तलिखित किती पानांचे आहे, टंकलिखित आहे काय, त्यावर बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या आहेत काय, कोणती पाने मिळाली नाहीत. 'रिडल्स'वरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्र पेटला, ग्रंथ मागे घेण्याची मागणी झाली, मोर्चे निघाले. त्या वादळात बाबासाहेबांचे लेखन टिकले ते समाजाच्या ताकदीमुळे. पण ते अस्सल आहे हे निर्विवाद राहिले ते अशा काटेकोर नोंदींमुळे. वसंत मूनांनी मेटाडेटा हा शब्द वापरला नसेल, पण काम तेच केले.

त्या कसोटीवर आजचे आपले डिजिटल विश्व तपासून पाहा. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात २००० च्या दशकात भारतीय भाषांतील लाखो पुस्तके स्कॅन झाली. पण मराठी, हिंदी, संस्कृत पुस्तकांची नावे रोमन लिपीत, वाटेल तशा स्पेलिंगने टाकली गेली. लेखकांची नावे तुटली, साले चुकली, पाने उलटसुलट झाली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्यातील पुस्तकांच्या प्रती आज 'इंटरनेट आर्काइव्ह'वर आहेत, पण नोंदींतील चुकाही सोबत गेल्या. पुस्तक आहे, पण सापडत नाही. असून नसल्यासारखे. ज्यांच्या पुस्तकांच्या दहा आवृत्त्या निघाल्या त्यांचे यात फारसे बिघडत नाही. ज्यांच्या पुस्तिकेच्या पाचशेच प्रती स्वखर्चाने निघाल्या, त्या आपल्या लेखकाचे मात्र दुसऱ्यांदा मरण होते.

आपल्या चळवळीच्या छापखान्यांचेही एक दुखणे आहे. कित्येक वर्षे आपली दैनिके, विशेषांक आणि स्मरणिका खाजगी फाँटमध्ये टंकित झाल्या. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे ती पोहोचायला पुष्कळ उशीर झाला. त्या जुन्या फाईली आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नुसते चित्र. अक्षरओळख केल्याशिवाय तिच्यात शोध घेता येत नाही. अशा वेळी फाईलला लावलेली नोंद हाच एकमेव दरवाजा उरतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे प्रश्नांची उत्तरे देऊ लागली आहेत. ती जे सापडते त्यावरच बोलतात. आपले अस्सल साहित्य बेवारस पडलेले आणि विरोधकांचे नीट नोंदलेले असेल, तर उद्या आपल्या नातवंडांना आंबेडकरी चळवळ कोणाच्या तोंडून कळेल?

बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांचे काय? वाघिणीच्या दुधाचे ते वाक्य भिंतीभिंतीवर आहे, पण त्याखाली सभा, गाव आणि तारीख लिहिलेली कोणी पाहिली आहे? जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतील त्रिसूत्रीचा इंग्रजी क्रम शिका, चेतवा, संघटित व्हा असा आहे. मराठीत मात्र शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असा क्रम रूढ झाला. हा वाद गळा काढून मिटणार नाही, भाषण कोणत्या खंडात कोणत्या पानावर आहे ते दाखवूनच मिटेल. ज्या महामानवाने 'शूद्र पूर्वी कोण होते' लिहिताना पानोपानी संदर्भ दिले, त्यांच्या नावावर विनासंदर्भ वाक्ये खपवणे हा त्यांचा गौरव होऊ शकत नाही. शत्रूने खोटे वाक्य तयार करून सोडले तर ते खोटे आहे हे सिद्ध करायलासुद्धा खऱ्या वाक्यांची सूची हाती लागते.

भीमगीतांची कथा तर काळीज चिरणारी आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली आणि गायिली. आज त्यांतील कितीतरी गाणी 'नॉनस्टॉप भीमगीते' अशा मथळ्याखाली वाजतात. गायकाचे नाव असते, कंपनीचे नाव असते. कवीचे नाव नसते. ज्यांनी लिहिले ते उपाशी गेले आणि आता बेनाम होत आहेत. आपल्या वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत ज्या शाहिरांनी आणि आयाबायांनी जात्यावर भीमाच्या ओव्या रचल्या, त्यांची तर मोजदादच नाही. मोबाईलमध्ये ओवी टिपून घेतली तर सुरुवातीलाच 'माझे नाव अमुक, गाव तमुक, तालुका, आज तारीख' एवढे त्या माउलीच्याच आवाजात बोलून घ्या. दहा सेकंदांचे काम आहे, पण त्याने ती ओवी कायमची तिच्या नावावर होते.

शैक्षणिक साहित्याकडे वळू. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते, ही किमया मंडळ, माध्यम, इयत्ता आणि विषय या रकान्यांची आहे. रकाना चुकला तर आठवीच्या मुलापुढे तिसरीचा धडा येतो. आता मेळघाटाचा विचार करा. धारणी-चिखलदऱ्याचे लेकरू घरी कोरकू बोलते. त्याच्यासाठी कोणी शिक्षकाने खपून कोरकूतून गोष्ट तयार केली आणि भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले, तर दुसऱ्या शाळेतील कोरकू लेकराला ती मिळणार नाही आणि कोरकूतून साहित्य आहे अथवा नाही याची गणतीही होणार नाही. ज्या भाषेला रकाना नाही त्या भाषेला अनुदान नाही, हा सरकारी कारभाराचा नियम आहे.

उच्च शिक्षणातही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची डिजिटल प्रत देणे सक्तीचे केले, आणि 'शोधगंगा' या भांडारात ते ठेवले जाऊ लागले. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातून आपली मुले-मुली मोठ्या कष्टाने, शिष्यवृत्तीची वाट पाहत, पीएच.डी. करतात. प्रबंध सादर करताना विषयसूचक शब्द विचारले जातात तेव्हा घाईत दोन शब्द टाकून मोकळे होऊ नका. शीर्षक देवनागरीतही द्या, इंग्रजीतही द्या. गाव, जमात, काळ, व्यक्ती यांची नावे लिहा. पाच वर्षांच्या श्रमाचे चीज व्हायचे की नाही, हे त्या पाच मिनिटांवर अवलंबून आहे.

'हक्क' या रकान्याबद्दल आपल्यात फार गैरसमज आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला, म्हणून तो २०१८ पासून खुला. १९८७ मध्ये प्रथम छापलेल्या लेखनाचा हिशेब आणखी वेगळा. शिवाय अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. मूळ ग्रंथ कोणता, आवृत्ती कोणती, अनुवाद कोणाचा, हे न लिहिता पीडीएफ वाटणारा कार्यकर्ता एखाद्या गरीब अनुवादकाच्या पोटावर पाय देत असतो, याचे भान ठेवले पाहिजे.

काही बांधव विचारतील, इकडे पोरे बेरोजगार आहेत, अत्याचार होत आहेत, आणि तुम्ही रकाने कसले भरायला सांगता? त्यांना उत्तर असे की अत्याचाराच्या खटल्यातही रकानेच कामाला येतात. मारहाणीची चित्रफीत गावभर फिरते. पण ती कोणी, कोणत्या फोनवर, कधी टिपली हे सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवरून फिरताना फोटोमधील मूळ तारीख-स्थळाच्या नोंदी गळून पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा, नोंदवावी लागते. म्हणून मूळ फोन आणि मूळ फाईल जपून ठेवणे, हे जखमीला दवाखान्यात नेण्याइतकेच तातडीचे काम आहे.

या नाण्याला दुसरी बाजूही आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला की, आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये आक्षेपार्ह फाईली बाहेरून घुसवल्या गेल्या. त्यासाठी तिने आधार घेतला तो फाईलींच्या अंतर्गत नोंदींचा : कधी आली, कोणत्या वाटेने आली, कोणत्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली. निकाल न्यायालयाने द्यायचा आहे. पण मेटाडेटा माणसाला अडकवूही शकतो आणि सोडवूही शकतो, एवढा धडा स्पष्ट आहे. तेव्हा पीडितेचा फोटो, साक्षीदाराचे नाव, घराचे ठिकाण अशा नोंदी जाहीर करू नयेत. त्या स्वतंत्र, सुरक्षित ठेवाव्यात. काय लिहायचे याइतकेच काय उघड करायचे नाही, हेही ठरवावे लागते.

मग करायचे काय? मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. अमरावती-अकोल्यात वस्तीवस्तीत बुद्धविहारे आहेत, अभ्यासिका आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी 'क' आणि 'ड' वर्गाची वाचनालये आहेत. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी ट्रंकांमध्ये 'प्रबुद्ध भारत'चे अंक, परिषदांची पत्रके, दीक्षेचे दाखले, छायाचित्रे वाळवीची वाट पाहत आहेत. ती मंडळी एकेक करून निघून चालली आहेत. फोटोत मागच्या रांगेत उभे कोण, हे सांगणारा माणूस गेला की तो फोटो कायमचा मुका होतो. एका विहाराने एक वही घालावी. तिच्यात शीर्षक, लेखक किंवा व्यक्ती, घटनेची तारीख, छपाईची तारीख, गाव-तालुका-जिल्हा, भाषा, विषय, कोणाकडून मिळाले, मूळ प्रत कोठे आहे आणि हक्क कोणाचा, असे दहा रकाने आखावेत. तारीख माहीत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नये, 'अंदाजे' असे स्पष्ट लिहावे. मग तीच वही संगणकाच्या तक्त्यात उतरवावी. फाईलला 'स्कॅन००१' असे नाव न देता साल-नियतकालिक-अंक असे नाव द्यावे. आंबेडकर, अंबेडकर, आम्बेडकर अशी सारी रूपे शोधात सापडावीत म्हणून एक रूप प्रमाण मानावे आणि बाकीची सोबत नोंदवावीत. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारी आपली मुले-मुली या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जो पैसा जातो, त्यातला थोडा हिस्सा अशा एका मुलीच्या मानधनाला आणि एका स्कॅनरला दिला, तरी वर्षभरात एका तालुक्याचा ठेवा नोंदला जाईल.

सुशिक्षित नोकरदारांवर यात विशेष जबाबदारी आहे. कार्यालयात दिवसभर नोंदवह्या सांभाळणारा, आवक-जावक क्रमांक टाकल्याशिवाय कागद पुढे न सरकवणारा आपला बांधव समाजाच्या कागदाला मात्र क्रमांक टाकत नाही. सरकारची फाईल हरवली तर त्याला चौकशी लागते. समाजाची फाईल हरवली तर चौकशी करणारे कोणी नाही, म्हणून तर ती अधिक जपायची.

बाबासाहेबांनी आपल्याला ग्रंथ दिले, पत्रे दिली, राज्यघटना दिली आणि धम्म दिला. हा वारसा आपल्या नावावर चढवून घेण्याचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे. फेरफार नोंदवला नाही तर बापाची जमीनसुद्धा लेकराच्या नावे होत नाही. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सर्वांत वयस्कर उपासकाला जुना फोटो घेऊन यायला सांगा, आणि त्यातील प्रत्येक चेहऱ्याचे नाव लिहून घ्यायला सुरुवात करा. जयभीम!